आकडा मागितला, अक्षरं आली

या वेळी आलेले प्रश्न वाचताना लक्षात आलं की बहुतेक जण एकाच जागी अडकलेत. प्रोग्राम काहीतरी विचारतो, समोरचा भलतंच टाइप करतो आणि प्रोग्राम आडवा होतो. म्हणून हे सगळं सदर त्यालाच दिलंय. कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा, आणि अंकसुद्धा इथे देवनागरीत छापलेत पण जिथे मुद्दाम वेगळं सांगितलं नाही तिथे कीबोर्डवरचे नेहमीचे अंक समजा.

प्रश्न: ताई, मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागून जेमतेम महिना झालाय. वय विचारून जन्मसाल सांगणारा छोटा प्रोग्राम लिहिला, मी चालवला की नीट चालतो. काल धाकट्या भावाने चालवला आणि वयाच्या जागी अक्षरात ‘पंधरा’ असं टाइप केलं, तर लाल अक्षरांचा ढीग आला आणि प्रोग्राम बंद. तो म्हणतो तुझा प्रोग्राम खराब आहे, मी म्हणते तूच चुकीचं टाइप केलंस. कोण बरोबर?

उत्तर: भाऊ बरोबर आहे गं. रागावू नकोस त्याच्यावर, उलट त्याला रोज बसव तुझे प्रोग्राम चालवायला, कारण तू स्वतः चालवतेस तेव्हा तुला माहीत असतं की इथे आकडा हवाय, आणि त्याला ते कोणी सांगितलेलंच नव्हतं. वय विचारलं, त्याने वय सांगितलं. ‘पंधरा’ हे वयच आहे की.

आता आत काय झालं ते बघ. इनपुट हे फंक्शन, म्हणजे पायथनमधली तयार आज्ञा, कीबोर्डवरून जे येतं ते जसंच्या तसं मजकूर म्हणून तुझ्या हातात देतं. तू १५ टाइप केलंस तरी ते पंधरा नाही, ते ‘१’ आणि ‘५’ अशी शेजारी बसलेली दोन अक्षरं आहेत. त्या अक्षरांचा आकडा करायचं काम इंट करतं, आणि हे काम कधीकधी जमतच नाही. हे डोक्यात नीट बसवून घे कारण पुढचं सगळं यावरच आहे: मजकूर घेणं ही एक गोष्ट, त्याचा आकडा करणं ही दुसरी, आणि बिघडते ती बहुतेक वेळा दुसरी. तू दोन्ही एकाच ओळीत एकात एक घालून लिहिलं असणार, सगळेच तसं लिहितात, म्हणून वाटतं की इनपुटनेच गोंधळ घातला.

त्या लाल ढिगाला ट्रेसबॅक म्हणतात. तो वरून वाचायला जाऊ नकोस, सगळ्यात खालची ओळ आधी वाच. तिथे असं असेल: व्हॅल्यूएरर: इनव्हॅलिड लिटरल फॉर इंट विथ बेस १०: आणि मग अवतरणात ‘पंधरा’. म्हणजे दशमान पद्धतीने वाचायला गेलो पण हा मजकूर आकडा म्हणून वाचता येत नाहीये. शेवटच्या अवतरणात नेमकं काय आहे ते नीट बघायची सवय लाव, कारण समोरच्याने काय टाइप केलं ते तिथे जसंच्या तसं दिसतं. अवतरणाच्या आत काहीच नसेल तर त्याने नुसतं एंटर दाबलंय, १५ च्या पुढे ‘वर्षे’ असेल तर तेही दिसेल. मी अजूनही सगळ्यात आधी तिथेच बघते. आणि त्याच्या जरा वर ओळ क्रमांक असतो, कुठे पडला ते कळायला.

उपाय असा:

व्हाइल ट्रू:
    मजकूर = इनपुट("वय आकड्यात लिहा, जसं १५: ")
    ट्राय:
        वय = इंट(मजकूर)
    एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
        प्रिंट(मजकूर, "हे मला आकडा म्हणून वाचता आलं नाही.")
    एल्स:
        ब्रेक

ट्रायच्या आत एकच ओळ आहे बघ, जी फसू शकते तेवढीच. फसली तर एक्सेप्टमध्ये जातो, प्रिंट करतो आणि लूप, म्हणजे व्हाइलखालचा पुन्हा पुन्हा चालणारा भाग, परत वर जाऊन विचारतो. नाही फसली तर एल्समध्ये जाऊन लूपमधून बाहेर. आणि प्रश्नाचं वाक्य बदललंय तेही बघ. ‘आकड्यात लिहा, जसं १५’ एवढं आधीच सांगितलं असतं तर भावाने बहुतेक ‘पंधरा’ लिहिलंच नसतं.

प्रश्न: मी नोकरी सांभाळून प्रोग्रामिंग शिकतोय. वय १८ पेक्षा जास्त आहे का हे तपासताना टाइपएरर येत होता, म्हणून मी १८ ला कोट्स लावले आणि एरर गेला. पण आता नऊ वर्षांच्या मुलीला माझा प्रोग्राम ‘तुम्ही सज्ञान आहात’ असं सांगतोय. एरर तर काहीच नाही. हे काय आहे?

उत्तर: तुमचा प्रश्न मला या वेळच्या सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, कारण एरर येऊन बंद पडणारा प्रोग्राम परवडला पण न अडखळता चुकीचं उत्तर देणारा नको.

आधी टाइपएरर का येत होता ते बघू. तुमच्याकडे वय मजकूर होतं आणि १८ हा आकडा, आणि पायथनने सांगितलं की या दोघांत लहानमोठं मी ठरवू शकत नाही. अगदी बरोबर अडवलं होतं त्याने तुम्हाला. तुम्ही कोट्स लावून १८ चाही मजकूर केलात, आता दोन्हीकडे मजकूर, मग तो तुलना करतो, पण शब्दकोशात शब्द लावतात तशी. पहिलं अक्षर पहिल्याशी, ते सारखं असेल तर दुसरं दुसऱ्याशी. ‘९’ आणि ‘१८’ मध्ये पहिलीच अक्षरं ९ आणि १, त्यात ९ मोठा, संपलं. लांबी कोणी बघतच नाही. याच हिशोबाने शंभर वर्षांचे आजोबा अज्ञान ठरतील, करून बघा, ‘१००’ आणि ‘१८’ मध्ये पहिलं अक्षर सारखं, दुसरं ० आणि ८, म्हणजे १०० लहान. आणि २५ टाकलंत तर उत्तर बरोबर येईल, त्यामुळे दोनचार वेळा तपासून बघणाऱ्याला कळणारही नाही.

कोट्स काढा, १८ आकडाच ठेवा आणि वयाला इंट लावा. ‘५’ अधिक ‘५’ केल्यावर ५५ का येतात हा प्रश्न आणखी तिघांनी विचारलाय, त्याचंही उत्तर हेच, मजकुराची बेरीज म्हणजे जोडणी. जावास्क्रिप्ट शिकणाऱ्यांनी तर जास्तच जपावं कारण तिथे ‘५’ अधिक ३ केलं तरी कोणी अडवत नाही, निमूटपणे ५३ मिळतात, आणि रिकाम्या मजकुराला तिथलं आकडा करणारं नंबर लावलं तर शून्य मिळतं, म्हणजे काहीच न लिहिणारा माणूस शून्य लिहिणारा ठरतो.

प्रश्न: ताई, ट्राय-एक्सेप्ट कळलं म्हणून मी सगळा प्रोग्राम व्हाइल लूपमध्ये ट्रायच्या आत टाकला आणि खाली नुसतं एक्सेप्ट लिहून ‘कृपया आकडाच टाका’ असं प्रिंट केलं. आता १५ टाकलं तरी ‘कृपया आकडाच टाका’, २० टाकलं तरी तेच. बरं थांबवायला कंट्रोल-सी दाबलं तरी तेच वाक्य येतं आणि पुन्हा विचारतो, शेवटी विंडो बंद करावी लागते. वेड लागायची पाळी आलीये.

उत्तर: तू कोडही पाठवलास ते बरं केलंस. सातव्या ओळीवर तू ‘जन्मसाल’ असं व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायचं नाव, केलंयस आणि नवव्या ओळीवर प्रिंट करताना ‘जन्मसाळ’ लिहिलंयस. एवढंच आहे. इंट अगदी नीट चाललंय, १५ चे पंधरा झालेत, वजाबाकीही झाली, आणि मग नवव्या ओळीवर पायथनला जन्मसाळ नावाचं काही सापडलं नाही म्हणून त्याने नेमएरर दिला. पण तुझं एक्सेप्ट काय सांगतंय, की काहीही झालं तरी मी पकडतो आणि ‘आकडाच टाका’ म्हणतो. चूक तुझी आणि ओरडा वापरणाऱ्याला. पायथन तुला ओळ क्रमांकासकट सांगायला आला होता, तूच त्याचं तोंड दाबलंस.

कंट्रोल-सीचंही तेच कारण. ते दाबलं की पायथनमध्ये कीबोर्डइंटरप्ट नावाचा एक्सेप्शन, म्हणजे एररसारखाच इशारा, उठतो, आणि पुढे काहीच न लिहिलेलं एक्सेप्ट तोही गिळतं. म्हणून एक्सेप्टच्या पुढे नेहमी नाव लिही, इथे व्हॅल्यूएरर. मग स्पेलिंगची चूक, कंट्रोल-सी, बाकी सगळं आपापल्या वाटेने बाहेर येईल आणि तुला दिसेल. आणि कुठल्या एररचं नाव लिहायचं हे पाठ करत बसू नकोस. ट्राय न लावता मुद्दाम चुकीचं टाइप कर, शेवटच्या ओळीवर जे नाव येईल तेच पकडायचं.

एक्सेप्टमध्ये नुसतं पास, म्हणजे ‘काही करू नको’, लिहून मोकळे होणारेही बरेच आहेत, त्यांना हात जोडून विनंती की तसं करू नका. आकडा झाला नाही हे कोणालाच कळत नाही, प्रोग्राम पुढे जातो आणि व्हेरिएबलमध्ये आधीची किंमत असते नाहीतर काहीच नसतं, आणि मग भलत्याच ठिकाणी एरर येतो ज्याचा माग काढायला संध्याकाळ जाते.

प्रश्न: ट्राय वगैरे कशाला, इझडिजिट लावून आधीच तपासलं की झालं ना? आमच्या सरांनी तसंच शिकवलंय.

उत्तर: सरांनी सुरुवातीला सोपं म्हणून सांगितलं असेल, ‘हा मजकूर अंकांचा बनलाय का’ हे बघायला ते ठीक आहे. पण ‘याचा आकडा होईल का’ हा प्रश्न वेगळा आहे. उणे ५ घे. इझडिजिट नाही म्हणेल कारण वजाचं चिन्ह अंक नाही, आणि इंट मात्र आरामात उणे पाच करून देईल. मागेपुढे स्पेस राहिली असेल, तर इझडिजिट नाही म्हणतं, इंट स्पेस झटकून आकडा देतं. आणि उलटही होतं, वर्ग दाखवायला डोक्यावर छोटा २ लिहितात ते एक वेगळं अक्षर आहे, त्याला इझडिजिट हो म्हणतं आणि इंट व्हॅल्यूएरर देतं. म्हणजे तपासणीत पास आणि पुढच्याच ओळीवर आडवा.

आपल्या कामाची एक गोष्ट सांगते, मला ती कळली तेव्हा फार आनंद झाला होता. कोणी मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंकांत १५ टाइप केलं तर पायथनचं इंट ते व्यवस्थित पंधरा म्हणून वाचतं! जावामधलं इंटिजर-पार्सइंटही वाचतं. जावास्क्रिप्टचं नंबर मात्र वाचत नाही, तिथे नॅन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’, मिळतो, आणि सी भाषेतलं एटूआय तर शून्य देऊन मोकळं होतं. फोनवर मराठी कीबोर्ड वापरणारे आता कितीतरी लोक आहेत, तेव्हा मराठीत प्रोग्राम लिहीत असाल तर हे एकदा टाइप करून बघाच. ‘० ते ९ पैकीच अक्षर आहे का’ अशी हाताने तपासणी लिहिलेली असेल तर अशा माणसाला प्रोग्राम विनाकारण परत पाठवतो.

म्हणून माझं मत सरळ आहे. आकडा होईल का हे इंटलाच विचारावं, ते काम त्याचंच आहे, आणि नाही म्हणालं तर एक्सेप्ट आहेच.

प्रश्न: मी सी आणि जावा दोन्ही शिकतेय. सीमध्ये लूपच्या आत स्कॅनएफने आकडा घेते, आकडा टाकला तर ठीक, पण एबीसी टाकलं की स्क्रीनवर ‘पुन्हा टाका, पुन्हा टाका’ धो धो वाहायला लागतं, टाइप करायला थांबतच नाही. जावामध्ये स्कॅनरच्या नेक्स्टइंटलाही सेम. कॅच, म्हणजे जावाचं एक्सेप्ट, तर लावलाय मी. शिवाय जावात वय घेतल्यावर नाव विचारते, तर ते टाइप करायच्या आधीच प्रोग्राम पुढे जातो.

उत्तर: हे माझ्यासोबत प्रॅक्टिकलच्या परीक्षेत झालं होतं, बाई मागे उभ्या आणि स्क्रीन थांबेना. तेव्हा कोणी समजावून सांगितलं नाही, फक्त मार्क कापले, म्हणून तुला सविस्तर सांगते.

तू जे टाइप करतेस ते थेट व्हेरिएबलमध्ये जात नाही, आधी एका रांगेत उभं राहतं, त्याला बफर म्हणतात. एबीसी आणि एंटर, अशी चार अक्षरं रांगेत. स्कॅनएफला तू आकडा आणायला पाठवलंस, त्याने पहिलं अक्षर बघितलं, ए, हा काही अंक नाही, मग ते अक्षर तिथेच ठेवून तो रिकाम्या हाताने परत आला. रांग जशीच्या तशी. तू ‘पुन्हा टाका’ म्हणालीस आणि लूप वर गेला, स्कॅनएफ पुन्हा गेला, पुन्हा समोर तोच ए. रांगेत काहीतरी उभं आहे म्हटल्यावर तो कीबोर्डसाठी थांबणारच कशाला! असं ते जन्मभर चालेल. जावात नेक्स्टइंट इनपुटमिसमॅचएक्सेप्शन देतं पण तो शब्द उचलत नाही, म्हणून कॅच लावूनही तेच.

जावात सोपं आहे, आकडा हवा असला तरी नेक्स्टलाइनने पूर्ण ओळ उचल आणि मग ट्रायमध्ये इंटिजर-पार्सइंट लाव, कॅचमध्ये नंबरफॉरमॅटएक्सेप्शन. फक्त पार्सइंट पायथनसारखं स्पेस झटकत नाही, म्हणून आधी ट्रिमने मागचीपुढची स्पेस काढ. याने तुझा दुसराही त्रास जाईल, वय विचारल्यावर नाव न विचारताच पुढे जातो तो, कारण नेक्स्टइंट आकडा घेऊन एंटर मागेच ठेवतं आणि पुढचं नेक्स्टलाइन तो एंटर पाहून म्हणतं, ही घ्या रिकामी ओळ.

सीमध्येही तेच धोरण, एफगेट्सने ओळ घे आणि एसटीआरटूएलने आकडा कर. एसटीआरटूएल तुला एक पॉइंटर देतं, आकडा वाचताना मी कुठपर्यंत पोचलो ते सांगणारा. तो सुरुवातीलाच असेल तर काहीच वाचता आलं नाही, मध्येच असेल तर १५एबीसीसारखं काहीतरी आलंय, आणि ओळीच्या शेवटी पोचला असेल तर सगळा आकडा होता. स्कॅनएफच वापरायचं असेल तर निदान ते काय परत देतं ते बघ. एक आकडा मागितलास आणि १ आलं म्हणजे मिळाला, ० आलं म्हणजे नाही मिळाला, मग एंटर येईपर्यंत गेटचारने एकेक अक्षर उचलून टाक. इनपुटच संपलं असेल तर ईओएफ येतं, तेव्हा लूपमधून बाहेर पड. स्कॅनएफ काहीतरी परत देतं हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

प्रश्न: मी निवृत्त आहे, वेळ आहे म्हणून शिकतोय. शरीराचं तापमान विचारणारा प्रोग्राम केला, मजकुराचा दशांशी आकडा करणारं फ्लोट लावलं, ट्रायही लावलं. नातवाने ९९९ टाकलं, प्रोग्रामने घेतलं. मग मी अट घातली की ३० पेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त असेल तर नाकार. तर त्याने कुठून तरी शिकून ‘नॅन’ असे इंग्रजी अक्षरात टाकलं आणि ते पास झालं! हे कसं?

उत्तर: काका, नातू हुशार आहे तुमचा. पहिली गोष्ट तुम्ही स्वतःच शोधलीत, आकडा होणं वेगळं आणि आकडा पटण्यासारखा असणं वेगळं. ९९९ हा आकडा म्हणून उत्तम आहे, फ्लोटची काही तक्रार नाही, माणसाचं तापमान म्हणून मात्र अशक्य आहे. ही दुसरी तपासणी ट्रायने होत नाही, ती इफने आपणच लिहायची, आणि तिचा मेसेजही वेगळा ठेवायचा. ‘चुकीचं इनपुट’ असं दोन्हीकडे छापलंत तर बिचाऱ्याला कळत नाही की अक्षरं चुकली की आकडा. त्याऐवजी ‘सेल्सियसमध्ये ३० ते ४५ च्या दरम्यान लिहा’ असं सांगा, म्हणजे कोणी ९८.६ लिहिलं तर त्याला लगेच कळेल की आपण फॅरनहाइट लिहितोय.

आता नॅन. ‘हा आकडाच नाही’ असं सांगणारी ती एक खास किंमत आहे, फ्लोटमध्ये तिला जागा ठेवलेली आहे, आणि पायथनचं फ्लोट तो मजकूर बिनतक्रार स्वीकारतं. अनंतासाठीचा ‘इन्फ’ सुद्धा स्वीकारतं. नॅनची गंमत अशी की त्याची कशाशीही लहानमोठी तुलना केली तरी उत्तर नाहीच येतं. ३० पेक्षा कमी आहे का, नाही. ४५ पेक्षा जास्त आहे का, नाही. तुमच्या दोन्ही नाकारायच्या अटी खोट्या ठरल्या म्हणून तो आत गेला. अट उलटी लिहा, म्हणजे कोणाला नाकारायचं ते न लिहिता कोणाला घ्यायचं ते लिहा:

इफ ३० <= ताप <= ४५:
    ब्रेक

आता नॅन ३० पेक्षा मोठा किंवा तेवढाही नाही, म्हणून दारातच राहील. एवढ्या एका बदलाने काम होतं.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंत की हे सगळं शिकाऊ प्रोग्रामपुरतंच का. नाही काका. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात जेमतेम ४० सेकंदांत फुटलं, आणि त्याचं मूळ एका रूपांतरात होतं. आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची दशांशी किंमत १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायची होती. त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात, आलेली किंमत त्याहून मोठी निघाली. हा भाग जुन्या एरियान ४ वरून घेतलेला, तिथे वेग एवढा व्हायचाच नाही. अशा सात किमतींपैकी चारांना संरक्षण दिलेलं होतं, तिघांना नव्हतं, त्यातलीच ही एक. राखीव यंत्रणा होती पण तिच्यात तेच सॉफ्टवेअर, तीही तशीच बंद पडली. तिथे कीबोर्डवर कोणी नव्हतं, सेन्सरकडून आकडे येत होते, तरी ‘एवढी मोठी किंमत येणारच नाही’ असं धरून चालल्याने ते झालं.

प्रश्न: जुन्या नोट्समध्ये रॉ-इनपुट लिहिलंय, माझ्याकडे नेमएरर येतो. मित्र म्हणतो इव्हॅलच्या आत इनपुट टाक, आकडा आपोआप होतो.

उत्तर: नोट्स पायथन २ च्या आहेत, त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. रॉ-इनपुटच्या जागी इनपुट लिही. मित्राचं मात्र ऐकू नकोस. इव्हॅल म्हणजे समोरचा जे टाइप करेल ते कोड म्हणून चालवायचं, मग तो आकडा असो नाहीतर तुझ्या फाइल्स उडवणारी ओळ. पायथन २ मधलं इनपुट नेमकं हेच करायचं, आणि २००८ मध्ये पायथन ३ आलं तेव्हा ते काढून टाकलं.

प्रश्न: ताई, तीन आकडे विचारायचे म्हणून तोच ट्राय-एक्सेप्ट तीनदा लिहिला, मग फंक्शन केलं. एक्सेप्टमध्ये मेसेज छापून फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं. पहिल्या झटक्यात बरोबर आकडा टाकला तर चालतं. एकदा चुकून मग बरोबर टाकला तर पुढे बेरीज करताना टाइपएरर येतो, त्यात ‘ननटाइप’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. दोन दिवस झाले.

उत्तर: दोन दिवस गेले तरी वाईट वाटून घेऊ नकोस, फंक्शन करायचं सुचलं हेच छान आहे. तुझा कोड मी कागदावर चालवून बघितला, तूही बघ. पहिल्यांदा एबीसी टाकलं, एक्सेप्टमध्ये आलास, फंक्शनला पुन्हा बोलावलंस. त्या दुसऱ्या फेरीत १५ टाकले, तिने पंधरा रिटर्न केले. कोणाला? तिला बोलावणाऱ्याला, म्हणजे पहिल्या फेरीला. आणि पहिल्या फेरीने ते पंधरा हातात घेतले का? नाही, कारण तिथे तू फक्त बोलावलंयस, पुढे काही केलेलं नाहीस. पहिली फेरी काहीच न देता संपली, आणि काहीच न देणाऱ्या फंक्शनकडून पायथनमध्ये नन मिळतो. तो नन तू बेरजेत घातलास.

त्या ओळीच्या आधी रिटर्न लिहिलंस तर तुझा प्रोग्राम आत्ता चालेल. पण मी इथे लूपच वापरीन, कारण प्रत्येक चुकीला फंक्शनच्या आत आणखी एक फंक्शन उघडं राहतं, आणि समोरचा एंटर दाबून ठेवून बसला तर अशी साधारण हजारएक फंक्शनं उघडी झाल्यावर पायथन रिकर्शनएरर देतो.

डेफ पूर्णांक_विचार(प्रश्न, किमान, कमाल):
    व्हाइल ट्रू:
        मजकूर = इनपुट(प्रश्न)
        ट्राय:
            आकडा = इंट(मजकूर)
        एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
            प्रिंट("पूर्ण आकडा लिहा, जसं", किमान)
            कंटिन्यू
        इफ किमान <= आकडा <= कमाल:
            रिटर्न आकडा
        प्रिंट(किमान, "ते", कमाल, "मधला आकडा हवा.")

यातून बाहेर पडायची सरळ वाट एकच आहे, रिटर्न आकडा, आणि तिथे पोचेपर्यंत आकडा झालेलाही असतो आणि मर्यादेतही असतो, त्यामुळे नन बाहेर येऊच शकत नाही. व्हेरिएबलची नावं पायथन ३ मध्ये खरोखर देवनागरीत लिहिलीस तरी चालतात, फक्त डेफ, व्हाइल, ट्राय आणि तयार फंक्शनं ही इंग्रजीत. आता तीन आकड्यांसाठी हे तीनदा बोलाव, आणि बेरजेला हात लावायच्या आधी प्रत्येक वेळी एकदा मुद्दाम नुसतं एंटर दाबून बघ.